भांडण चौकातलं, जेवण घरातलं

नाही, पण मला एक सांगा, मिठी मारायला त्यांचं काय जातंय हो? भर चौकात स्टेज, स्टेजवर आमचे साहेब, साहेबांच्या शेजारी डॉक्टर, आणि दोघांच्या गळ्यात मिळून एकच हार! वर माइकवर काय म्हणतात, तर ‘आम्ही मनाने कधी वेगळे नव्हतोच!’ नव्हतात ना? मग आमच्या अंगणातली ती भिंत काय आपोआप उगवली का?

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गिरणीवाला दळण टाकून कुणावर खेकसतोय…

आमचा मतदारसंघ म्हणजे सगळी खेडीच. आधी इथे निवडणूक नुसती नावाला. साहेबांचे वडील उभे राहायचे, निवडून यायचे, पाच वर्षांनी पुन्हा उभे राहायचे. ते गेले, साहेब उभे राहिले. कुणाच्या डोक्याला ताप नाही. मग एके वर्षी दवाखानेवाल्या डॉक्टरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी अर्ज भरला! साहेब पडता पडता वाचले. आणि मग काय विचारता! ज्या गल्ल्यांनी डॉक्टरांना मतं दिली, त्यांचा रस्ता गेला. विजेची डीपी जळाली तर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दुरुस्तीला माणूस नाही. आमची गल्ली त्यातलीच. गिरणी बंद, पंखा बंद, आणि अंधारात आमचे वडील, आप्पा, नुसते येरझाऱ्या घालतायत.

एक दिवस जेवताना आप्पांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “पुढच्या खेपेला मोठा साहेबांकडे, धाकटा डॉक्टरांकडे. कुणीही येवो, आपली डीपी जळता कामा नये!” मी म्हटलं, “आप्पा, लोकांना कळेल की.” तर म्हणतात, “कसं कळेल? तुम्ही भांडायचं. पण नीट ऐका, भांडण चौकातलं, जेवण घरातलं!”

तुम्हाला सांगतो, तालमी झाल्या हो, तालमी! मधल्या खोलीत आप्पा खुर्चीवर, समोर मी आणि दादा. “जरा जोरात! त्याची कॉलर धर… अरे, नवीन शर्ट आहे, हळू धर!” वहिनी आणि आमची ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून खिदळतायत. अंगणात एक भिंतसुद्धा घातली, गुडघ्याएवढी, देखाव्याला. दिवसा आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांचा उद्धार करायचो आणि दिवेलागणीला तीच भिंत ओलांडून एका पंगतीला जेवायचो. दादा माझ्या पानात स्वतःच्या वाटणीचं वाढायचा. म्हणायचा, “खा, आज घसा फार ताणलास.”

आणि जमलं हो! डॉक्टर आले तेव्हा मी पुढे, साहेब आले तेव्हा दादा पुढे. पाच वर्षं त्याची, पाच वर्षं माझी. आप्पा खूश. एकदा तर गंमत झाली, ऐन निवडणुकीत साहेब डॉक्टरांच्या पक्षात गेले आणि डॉक्टर साहेबांच्या! आता आम्ही काय करायचं? माणसं तीच, झेंडे उलटे! शेवटी आमच्या हिने आमच्या छपरावरचा झेंडा काढून भिंतीवरून वहिनीला दिला, वहिनीने तिच्याकडचा हिला दिला. काठ्या मात्र ज्याच्या त्याला परत केल्या.

मग आप्पा गेले. तालीम घ्यायला कुणी उरलं नाही. तरी आम्ही आपले ठरल्याप्रमाणे भांडत होतो. पण पुढच्या निवडणुकीत दादा स्टेजवर चढला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ज्याला बापाने दिलेली गिरणी धड चालवता येत नाही, तो आम्हाला मतदारसंघ शिकवणार!” लोक हसले, शिट्ट्या वाजल्या… आणि मी गर्दीत उभा. अहो, हे तालमीत नव्हतं! तालमीतलं सगळं मला पाठ आहे, त्यात हे नव्हतं!

त्या रात्री मी वाट बघत बसलो. म्हटलं येईल, म्हणेल, जास्तच झालं रे जरा. नाही आला. मीही नाही गेलो. त्याला वाटलं असेल मी येईन. पुढच्या निवडणुकीला त्याने भिंत कमरेएवढी केली, त्याच्या पुढच्या निवडणुकीला मी डोक्याच्याही वर नेली. आता टाचा उंचावल्या तरी त्याचं दार दिसत नाही. बायकांचं काय, त्या विटेच्या फटीतूनसुद्धा बोलतात! पण दादाचा आवाज मी ऐकतो तो फक्त लाउडस्पीकरवर, तोही मला शिव्या देताना. भांडण चौकातलं होतं हो, जेवण कुठे गेलं?

म्हणून तुम्हाला सांगतो, ती मिठी बघितली आणि संतापलो खरा, पण मनात म्हटलं, आता तरी दादा हाक मारेल. दुसरं काही नको मला. नुसती हाक.

आणि आला! दुसऱ्याच संध्याकाळी दार वाजलं, दारात दादा. केस पांढरे झालेत हो त्याचे… इतक्या जवळून बघितलंच नव्हतं. आत आला, खुर्चीवर बसला, म्हणाला, “चहा टाकायला सांग.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चहा प्यायला, कप ठेवला, आणि म्हणतो कसा, “हे बघ, ते दोघं एका बाजूला गेले, म्हणजे आपणही एका बाजूला आलो. हे फार धोक्याचं आहे!”

“काय?”

“शाळेतल्या बाई अपक्ष उभ्या राहतायत. लोक त्यांच्यामागे आहेत. उद्या त्या आल्या तर? आपल्या घरातलं तिकडे कोण? तू जा.”

“मी का? तू जा!”

“मी मोठा आहे!”

“म्हणूनच तू जा!”

झालं! असे भांडलो, असे भांडलो, वहिनी स्टुलावर चढून भिंतीवरून बघायला लागली. शेवटी उठताना म्हणाला, “विचार कर, उद्या येतो.” तेव्हापासून रोज येतो. चहा पितो, भांडतो, परवा तर भांडता भांडता जेवूनच गेला.

आमची ही म्हणते, “अहो, बाई तुम्हालाही पटतात, मग दादांना एकदाचं हो म्हणून टाका की!” आता हिला काय सांगू? हो म्हटलं की ठरलं. ठरलं की मी उद्यापासून चौकात, तो चौकात, आणि याचं इकडे येणं बंद. म्हणून मी आपला रोज म्हणतो, “दादा, उद्या सांगतो…”

अर्ज भरायचे दिवस जवळ आले हो. लोकशाहीबद्दल वाईट बोलू नये, कळतं मला. पण तेवढी निवडणूक पुढे ढकलता येते का, कुणाची ओळख असेल तर बघा ना!