पोचेला पोच नाही

सन्माननीय शोकाकुल मंडळी, वहिनी, आणि मागे उभे असलेले आपल्या वाहतूक कंपनीचे चालक बंधू,

हेडक्लार्क या नात्याने मी याच दालनात असंख्य प्रसंगी प्रदीर्घ बोललो आहे. प्रत्येक वेळी प्रल्हाद मेश्राम शेवटच्या खुर्चीवरून मला घड्याळ दाखवत. आज ती खुर्ची रिक्त आहे, आणि मला प्रथमच थोडक्यात बोलावेसे वाटत आहे.

मेश्राम आपले सर्व्हर सांभाळत. म्हणजे नेमके काय करत, हे मी त्यांना अनेकदा विचारले. त्यांनी अनेकदा सांगितले. दोष माझ्या आकलनाचा.

एक शनिवार मात्र मला संपूर्ण समजला. तोच आपल्यासमोर सादर करतो.

नागपूरच्या मुख्य कार्यालयाचे फर्मान आले होते. ईमेल आणि मोबाइलवरील नवी संदेशप्रणाली यांचा संयोग करावा. चिखला खाणीच्या वजनकाट्यावरून आपल्या माणसाने मोबाइलवर लिहिलेला निरोप इथे तुमसरला ईमेलमध्ये यावा, इथले उत्तर त्याच्या मोबाइलवर जावे. शनिवारी दुपारी बारापर्यंत हे न साधल्यास सर्व्हर नागपूरला, आणि सर्व्हरमागोमाग मेश्रामही नागपूरला. त्यांच्या मातोश्री तेव्हा आंबागडला अंथरुणाला खिळलेल्या. रोज सायंकाळी मेश्राम जाऊन त्यांना स्वहस्ते भरवत.

"माय आंबागड सोडत नाही, बडे बाबू, अन् मी मायले सोडत नाही," एवढेच ते म्हणाले.

संयोगकार्य निर्विघ्न चालले होते. मग एक विघ्न उपस्थित झाले. ते विघ्न आज आपल्यासमोर भाषण करीत आहे.

आलेल्या प्रत्येक कागदाला पोच द्यावी, ही माझी आजन्म निष्ठा. म्हणून मी आग्रह धरला, की ईमेलनेही आपोआप पोच द्यावी आणि संदेशप्रणालीनेही. "आपला निरोप सादर प्राप्त झाला. आम्ही कृतज्ञ आहोत." मजकूर माझाच.

"बडे बाबू, मशीनले एवढी सभ्यता झेपत नाही."

"मेश्राम, शिष्टाचाराला पर्याय नाही."

त्यांनी माझा मान राखला. शनिवारी साडेअकराला, नागपूरच्या तपासणीस साहेबांसमक्ष, चिखल्याहून निरोप निघाला. ईमेलने पोच दिली. संदेशप्रणालीने त्या पोचेची पोच दिली. ईमेलने त्या पोचेच्या पोचेची दिली. दोन्ही यंत्रे परस्परांविषयी इतकी कृतज्ञ झाली, की तपासणीसाठी त्याच प्रणालीला जोडलेला साहेबांचा मोबाइल थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत आला.

साहेब म्हणाले, सगळे पुसा, बंद करा, न्या नागपूरला.

मेश्राम उठलेसुद्धा नाहीत. "पुसाले काही नाही लागत, साहेब. पण याच्यात आमच्या चिखल्याच्या माणसाचा निरोप हाये. तो वाचल्याबिगर मी पुसत नाही."

मंडळी, त्यांच्या वडिलांची हयात चिखल्याच्या भूमिगत खाणीत गेली. खालच्या माणसाचा निरोप वर आलाच पाहिजे, हे त्या घरात कोणाला शिकवावे लागले नव्हते.

मग ते माझ्याकडे वळले. रागावले असते, तर मला सोयीचे झाले असते.

"बडे बाबू, पोचले पोच द्याची नाही. एवढाच नियम टाकतो. चालन?"

"कोणत्या परिपत्रकानुसार?"

"माझ्या."

त्यांनी तो नियम दोन्ही बाजूंना लिहिला. कृतज्ञतेचा महापूर ओसरला. तळाशी चिखल्याची एकच ओळ अक्षत सापडली: "गाडी निघाली. मी जेवून येतो." बाराला तीन मिनिटे कमी होती. साहेबांनी स्वाक्षरी केली.

नागपूर हरले. मी हरलो. तुमसर जिंकले. त्या माउलीने अखेरच्या दिवसापर्यंत लेकाच्याच हातचा घास खाल्ला. आणि या भिंतीपलीकडे जी घरघर आपल्याला आत्ता ऐकू येत आहे, ती त्याच सर्व्हरची. तो आजही इथेच आहे.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून त्यांचा निरोप आला, "सर्व्हरच्या खोलीचा एसी पाहात जा." मी सवयीने पोच पाठवली. उत्तर आले, "पोच कायले? तुम्ही पाहान, मले मालूम हाये."

एसी सुरू आहे, मेश्राम.

आता आपण सर्वजण दोन मिनिटे उभे राहू. ज्याचे जे सांगायचे राहिले असेल, ते त्याने मनातल्या मनात त्यांना सांगावे. पोच येणार नाही. नियम त्यांचाच आहे.

मेश्राम, आपणांस तुमसर कार्यालयाचा सविनय जयभीम.