रेकॉर्डची आंघोळ

छावणीजवळच्या गल्लीत हिमांशू टँकरच्या रांगेत उभा होता. पुढं मधुसूदनराव आणि अप्पाराव, दोघं पेन्शनर, रिकाम्या बादल्या घेऊन गाण्यांवरून भांडत होते.

"संध्याकाळी रेकॉर्ड घेऊन येतो, अप्पाराव. तेच गाणं तुमच्या सीडीवर लावा. काय ते कान ठरवतील."

"या की. पण आमच्या हिनं, गोजरबाईनं बजावलंय, आंघोळ केल्याशिवाय तुम्हाला घरात घ्यायचं नाय."

"माणशी एकच बादली मिळते. तिच्यात रेकॉर्ड धुवायची आहे."

"रेकॉर्ड धुता व्हय?"

"रस्ता खोदल्यापासून घरभर धूळ. न धुता लावली तर बाई गाताना मध्येच शेंगदाणे भाजतेय असं वाटतं."

"म्हणून म्हणतो, सीडी घ्या. शर्टाला पुसली की झालं."

"आणि परवा तुमची सीडी एकाच शब्दावर अडकून बसली, ती?"

"अडकली. पण मी आंघोळ केलेली होती."

हिमांशूनं आपली बादली हळूच मागं सरकवली.

अप्पाराव म्हणाले, "असं करा, मधुसूदनराव. आधी रेकॉर्ड धुवा, मग तेच पाणी अंगावर घ्या."

"त्या पाण्यावर आमच्या दमयंतीनं फरशीसाठी आधीच नंबर लावलाय."

"मग लई अवघड आहे."

टँकर आला. मधुसूदनरावांनी बादली काठोकाठ भरून घेतली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिले.

"रेकॉर्ड आत पाठवतो, अप्पाराव. मी बाहेर तुमच्या ओट्यावर बसून ऐकेन. खिडकी तेवढी उघडी ठेवा."

"वारा कुठून येतोय ते बघून सांगतो."