चरकात न गेलेली बोटं

हाच की. हाच तो ऊस गाळायचा चरक. बघा वाकून, मोटर बंद हाय — ह्याच्यातच आमच्या आबांची दोन बोटं गावली, असं मगाशी सोप्यात बसून त्यांनी तुम्हाला सांगितलं न्हवं? आजोबांचीबी ह्याच्यातच. चुलत्यांचीबी. तिघांचीबी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. लय शहाणा चरक हाय पावणं, बाकीच्या बोटांना हातच लावत न्हाय. हसलासा? हसा. तुमचे कबनूरला माग हायत, मशिनीत गेलेला हात तुम्ही बघितला असंल — कातडी फाटते, टाके पडतात, वण राहतोय जन्मभर. आबांच्या हातावर वण दिसला? न्हाय ना? म्हणूनच अनुजाला बघायला येऊन 'जरा गुऱ्हाळ दाखीव' म्हणून मला, तिच्या भावाला, बाहेर काढलंसा. वाटलंच मला.

रोग हाय तो. रोग म्हटलं की आमच्या घरात भांडी आपटतात, पण रोगच. तळहाताच्या कातडीखाली पडदा असतोय, तो आखडतोय. आधी गाठ येते हरभऱ्याएवढी, मग तिची दोरी होते आणि ती दोरी बोटाला आत ओढत बसते — सावकाश, वर्षानुवर्षं — शेवटी हात उघडतच न्हाय. आजोबा तोंड धुवायला लागले की स्वतःचंच बोट डोळ्यात जायचं. नमस्कार करायला तळव्याला तळवा मिळायचा न्हाय. आणि हा गडी छाती काढून सांगायचा, चरकाशी झुंजलोय म्हणून! रक्तातनं येतोय हा, पणज्यापासनं. आता रक्तातनं येतोय म्हटलं की पोरींची लग्नं मोडणार — म्हणून पणज्यानं कधीतरी चरकाचं नाव घेतलं, आणि तेव्हापासनं आमच्यात बोट वाकायला लागलं की माणूस गुऱ्हाळात जातोय, हात फडक्यात गुंडाळून बाहेर येतोय आणि बोंब ठोकतोय — हात गेला, हात गेला. चुलत्यांनी तर बिनजखमेचा हात महिनाभर गळ्यात बांधून हिंडवला. हळदबी लावलीती वर. शेजारची माणसं बघायला आलती, त्यांना चहा पाजला.

आबांना मी भांडून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, तळवा टेबलावर सपाट ठेवा. ठेवताच येईना. मग विचारलं, घरात आणखी कुणाला असं हाय का? तर आमचे आबा — डॉक्टरसमोर, पावणं, डॉक्टरसमोर — म्हणतात, "कुणाला न्हाय. चरकात गेलता." डॉक्टरनं आबांचं बोट धरून सरळ करून बघितलं. मग म्हणाला, लवकर आला असता तर दोरी सोडवून बोट सरळ केलं असतं, आता सांधाच धरलाय. बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, अनुजाचं लग्न होईस्तोवर तोंड उघडलंस तर थोबाड फोडीन. म्हटलं फोडा, मूठ वळलेलीच हाय तुमची.

माझं? माझं काय? माझ्या खिशातल्या हाताकडं काय बघताय? तुम्हाला सांगितलं असंल, पोरगं शेती बघायला डिप्लोमा सोडून आलं. शेती बघायला! वर्कशॉपात लोखंड घासायला कानस धरली की तळव्यात खुपायचं, वाटलं फोड असंल, बसंल. न्हाय बसला. घ्या, बघा — हितं, ह्या बोटाखाली. लागतीय का गाठ? कॉलेज सोडावं एवढं काय झालं न्हवतं, कामबी येत होतं मला. पण रोज हात बघायचा आणि वाटायचं, कशाला शिकायचं हे, हात तर — जाऊ दे. घरात कुणाला ठाऊक न्हाय. तुम्हाला का सांगितलं, देव जाणे. बुधवारी मी डॉक्टरकडं जाणार हाय, आणि घरात ज्यांना ज्यांना हे झालंय त्या सगळ्यांची नावं सांगणार हाय.

अनुजाला अजून काय न्हाय. बायकांना कमी होतंय, उशिरा होतंय. पण होणारच न्हाय असं कोण सांगणार? भाकरी थापायच्या आधी ती रोज ओट्यावर तळवा टेकवून बघती. कुणी बघत न्हाय असं वाटतंय तिला. तुमच्यासंगं निघालो तर दारातच मला धरलं. म्हणाली, "दादा, सगळं सांग. मग येऊ देत, न्हायतर जाऊ देत. फडकं बांधून मी नांदायला जाणार न्हाय."

झालं, सांगितलं. आता बोला.

काय म्हणालासा? चालंल? पोरगी पसंत हाय? अहो मग — मला वाटलं तुम्ही — थांबा, पुढं काय म्हणालासा? पुन्हा म्हणा. भावकीत कळायला नको. बरं. आणि उद्या तिचं बोट वाकलंच तर — मागात गेलं म्हणून सांगायचं? मागात. आमचा चरक, तुमचा माग. आणि तुमचे आदर्शराव? नवरा होणार तो तिचा, त्याला तरी — त्यालाबी न्हाय? उगं पोराच्या डोक्याला ताप नको?

न्हाय पावणं. आबांना विचारलं तर ते तुमचे पाय धरतील, ते ठाऊक हाय मला. म्हणून त्यांना विचारायचंच न्हाय. ते हाक मारायला लागलेत, पोहे झाले वाटतंय. तुम्ही आत जाऊ नकासा. गाडी तिकडं चिंचेखाली हाय, तशीच काढा. आत काय सांगायचं ते मी सांगतो, अनुजालाबी मीच सांगतो.

खांद्यावरचा हात काढा आधी.

निघा.