आबांचा आरसा

अगं, आमच्या सायलीचं काय झालं ते ऐक. म्हणजे झालं माझंच. पोरगी दहा वर्षांची, पण शाळेला सुट्टी लागल्यापासून सोफ्यावरून हलायचं नाव नाही. शेवटी मी मोबाइल काढून घेतला आणि तिला ओढतच अंगणात आणलं. तिथं तिच्या मैत्रिणीही नुसत्याच बसलेल्या.

मी विचारलं, "विटीदांडू येतो का गं कुणाला?"

सायली म्हणाली, "आई, तुला तरी येतो का?"

मग मला चेवच चढला. ओढणी कमरेला बांधली, पोरांनी टाकून दिलेला दांडू उचलला, विटी उडवली आणि दिला टोला! समोरच्या ओट्यावर शेजारचे आबा दाढी करत होते. विटी थेट त्यांच्या आरशावर.

अर्ध्या गालावर फेस तसाच घेऊन आबा आले. "कुनाच्या पोरीनं मारली गं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. सगळ्यात आधी सायलीनं.

आबा तडक घरात सासूबाईंकडं गेले. "वहिनी, तुमच्या पोरीला आवरा."

"पोरगी न्हाई ती, सून हाय."

"मंग तर लयच आवरा!"

सायली मात्र त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खेळत होती. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळ्या पोरी दारात हजर.

"आजी, सायलीच्या आईला खेळायला सोडता का?"

सासूबाई म्हणाल्या, "सायलीला न्या खुशाल. तिच्या आईला जरा अक्कल येऊ द्या, मग सोडते."