गरम झाली की बंद पडते

लेक : हळू बोला, मिस्त्री. बाबा गाडीतच बसलेत, काच खाली आहे त्यांची.

मिस्त्री : अहो ताई, यात हळू बोलण्यासारखं काय आहे? गाडीचा सेन्सर गेला होता, नवा टाकला. आपण काय दरोडा घातलाय का?

लेक : तसं नव्हे. गाडी कशामुळे बंद पडत होती, ते बाबांसमोर काढू नका, एवढंच. संध्याकाळी घेणारे येतील, घेऊन जातील. विषय मिटला.

मिस्त्री : आणि त्यांनीच विचारलं तर?

लेक : नाही विचारत ते. हल्ली काहीच विचारत नाहीत. चहा समोर ठेवला तर पितात, नाही ठेवला तर तसेच बसून राहतात.

मिस्त्री : तरीच. मघाशी म्हटलं, काका, पुढे बसा ऐसपैस, तुमचीच गाडी. तर म्हणाले, मागेच बरं आहे. मालक आणि मागच्या सीटवर अंग चोरून! काय करायचे काका आधी?

लेक : बस चालवायचे. सगळा जन्म त्यातच गेला.

मिस्त्री : बस? आणि ही एवढीशी गाडी झेपेना म्हणून विकताय?

लेक : चौकात बंद पाडायचे हो. एकदा नाही, कितीदा तरी. मागे गाड्यांची रांग, लोक हॉर्न मारतायत, शिव्या देतायत, आणि बाबा नुसते स्टिअरिंग धरून बसलेले. आमच्या शेजाऱ्यांनी तर व्हिडिओ काढून पाठवला मला. आणि आम्ही गाडी बघितली नाही असं समजू नका. आमच्या ह्यांनी चालवली, मी चालवली. एकदाही बंद पडली नाही.

मिस्त्री : कधी चालवलीत?

लेक : सकाळी. ऑफिसच्या आधी तेवढाच वेळ मिळतो. बाबांच्या घरून निघायचं, पुलापर्यंत जायचं, की परत.

मिस्त्री : म्हणजे गार इंजिनावर.

लेक : असेल. मला काय कळतंय त्यातलं!

मिस्त्री : ताई, हा सेन्सर गार असताना अगदी शहाण्यासारखा वागतो. तापला की मात्र डोळे मिटतो. इंजिन फिरतंय का थांबलंय, हेच गाडीच्या कॉम्प्युटरला कळेनासं होतं. मग तो पेट्रोल तोडतो आणि गाडी जागच्या जागी ठप्प. जरा निवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. त्या घेणाऱ्यांनी लांब फिरवून आणली म्हणून तर त्यांच्या हातात बंद पडली. तुमचं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

लेक : कळलं. म्हणूनच म्हणते, त्यांना सांगू नका.

मिस्त्री : पण काका काहीच बोलले नव्हते? बस चालवलेला माणूस...

लेक : बोलले होते.

मिस्त्री : काय?

लेक : गरम झाली की बंद पडते, म्हणाले होते.

मिस्त्री : मग?

लेक : मग काय! हे म्हणाले, बाबा, आता तुम्हाला क्लच सोडायचा अंदाज राहिला नाही. मीही मान डोलावली. त्यानंतर बाबा त्या विषयावर बोललेच नाहीत. मी किल्ली मागितली, त्यांनी खिशातून काढून दिली. मग घर बंद केलं आणि त्यांना आमच्याकडे आणलं. तिकडे गाडीशिवाय राहणार कसे? टेकडीखाली एकटं घर. दूध आणायचं तरी गाडी हवी. आता आमच्या मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत असतात. मुलं उठायच्या आत स्वतःची गादी गुंडाळून ठेवतात. सांगितलंय हो मी, राहू द्या म्हणून.

मिस्त्री : हं.

लेक : हं काय? तुम्ही काय केलं असतं माझ्या जागी? फोन वाजला की वाटायचं, मागून ट्रकने ठोकलं असणार. आता भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू येतो तेव्हा कुठे डोळा लागतो माझा.

मिस्त्री : मी कुठे काही म्हणतोय? आपलं काम गाडीचं. चला, बसा ड्रायव्हरच्या जागेवर.

लेक : मी? झालं नाही का अजून?

मिस्त्री : अर्धं झालंय. समोर पिवळा दिवा दिसतोय ना? तो जाईपर्यंत गाडी देता येत नाही. त्याचं असं आहे, इंजिनाच्या दांड्यावर एक दातेरी चकती असते. सेन्सर तिचे दात बघत बसतो. कॉम्प्युटरला सवय होती जुन्या सेन्सरच्या बघण्याची. ती मी पुसली. आता नव्याची ओळख करून द्यायची.

लेक : ती तुम्हीच द्या की.

मिस्त्री : माझे दोन्ही हात कॉम्प्युटरला जोडलेल्या या तपासणी-यंत्रात अडकलेत. ह्याचा प्लग ढिला आहे, सोडला की सगळं पहिल्यापासून. तुम्ही फक्त पाय द्यायचा. गिअर काढलाय, हँडब्रेक ओढलाय. डावा पाय ब्रेकवर. उजव्याने एक्सिलरेटर पार तळाला टेकवायचा. आवाज चढेल, चढू द्या. मग कॉम्प्युटर आपणहून लगाम खेचेल, आवाज तुटेल. तुटला की लगेच पाय सोडायचा. आधी नाही, नंतर नाही.

लेक : बाबा, जरा मोठा आवाज होईल हं. कानावर हात ठेवा.

बाबा : हं.

मिस्त्री : द्या... द्या... अहो, सोडलात कशाला?

लेक : फुटेल ना काहीतरी!

मिस्त्री : इंजिन आहे ते, फुगा नाही. पुन्हा. दाबा... अजून... आता सोडा. सोडा, सोडा! उशीर केलात.

लेक : मला नाही जमत, मिस्त्री. उद्या सकाळी ह्यांना पाठवते.

मिस्त्री : आणि संध्याकाळी घेणारे आले की त्यांना काय, माझं तोंड दाखवू?

बाबा : मने, उठ.

लेक : काय हवंय, बाबा? पाणी देऊ?

बाबा : उठ तिथून. मी बसतो.

लेक : राहू द्या. उगाच कशाला तुम्ही...

बाबा : गाडी जागेवरच आहे. इथे चौक नाही.

मिस्त्री : या, काका, या. डोकं सांभाळा.

बाबा : सीट कोणी पुढे घेतली?

लेक : मी. माझे पाय पोचत नव्हते.

बाबा : या कड्यात दोन किल्ल्या असायच्या.

लेक : घराची काढून ठेवली. गाडी द्यायची म्हणून.

बाबा : बरं.

मिस्त्री : काका, एक विचारतो. दिवा गेला की कॉम्प्युटरमधली जुनी नोंदही मी पुसणार. बिघाड झाला होता त्याची. पुसायच्या आधी बघायची आहे का तुम्हाला?

लेक : मिस्त्री, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?

बाबा : काच खाली होती, मने. गरम झाल्यावरच ना, मिस्त्री?

मिस्त्री : हो, काका. तुम्ही म्हणाला होता तसंच. अगदी तसंच.

बाबा : पुसा. बघून काय करू?

मिस्त्री : बरं. तयार? हाणा.

(इंजिनाचा आवाज चढत जातो, एकदम तुटतो, आणि शांतपणे खाली येतो.)

मिस्त्री : वा रे वा! एका दमात! घेतलं शिकून, गेला दिवा. असा पाय मी बापजन्मात पाहिला नाही. आणि म्हणे क्लच सोडायचा अंदाज... माफ करा, ताई. जिभेला हाड नाही माझ्या.

लेक : असू द्या. खरंच आहे ते.

बाबा : बंद करू का इंजिन?

मिस्त्री : नको, राहू द्या चालू. तापू द्या चांगली. तापल्यावरच कळेल आता. मी हात धुऊन येतो.

लेक : बाबा.

बाबा : हं.

लेक : बोला ना काहीतरी. रागवा माझ्यावर.

बाबा : राग येत नाहीये.

लेक : मग काय होतंय?

बाबा : काहीच होत नाहीये. बरं वाटायला पाहिजे ना आता? माझी चूक नव्हती म्हटल्यावर? मी मघापासून वाट बघतोय, आता वाटेल, मग वाटेल. गाडीला हात लावला तरी माझी वाटेना.

लेक : मला फार वाईट वाटतंय, बाबा. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला मी क्लच शिकवायला निघाले. तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं मी.

बाबा : जावई म्हणाले तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं होतं. म्हटलं, मी आणि क्लच! मग परत बंद पडली. मग मी पायाकडे बघायला लागलो. रस्ता सोडून पायाकडे. मग म्हटलं, आता नकोच. तू किल्ली मागितलीस, तेव्हा सुटल्यासारखं झालं मला.

लेक : असं नका हो बोलू.

बाबा : मग बाकीचं?

लेक : बाकीचं काय?

बाबा : गॅस.

लेक : गॅस खरंच चालू राहिला होता, बाबा. पातेलं जळून कोळसा झालं होतं. त्यात खोटं नाही.

बाबा : हो. तो वास आठवतोय मला. आणि चष्मा फ्रिजमध्ये?

लेक : तेही तुम्हीच. पण त्याचं काय एवढं! मी परवा फोन कपड्यांच्या घडीत ठेवून सगळं घर डोक्यावर घेतलं होतं.

बाबा : आणि तुमच्याकडचं बाहेरचं दार रात्रभर उघडं राहिलं होतं, ते?

लेक : ते ह्यांनी. उशिरा आले होते. मला नंतर कळलं.

बाबा : नंतर मला कोणी सांगितलं नाही.

लेक : कसं सांगू? मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा, दार तुम्ही उघडं ठेवलंत का? तर तुम्ही हो म्हणालात. सरळ हो म्हणालात! आता हो कशाला म्हणायचं माणसाने, केलं नसताना?

बाबा : मला वाटलं, मीच असणार.

लेक : अहो बाबा...

बाबा : रडू नकोस. मिस्त्री येतायत.

मिस्त्री : घेणाऱ्यांचा फोन होता. लवकर येतो म्हणतायत, निघालेच आहेत. काय सांगू?

बाबा : मनीला विचारा.

लेक : मला काय विचारायचं? गाडी बाबांची आहे.

मिस्त्री : बोला, काका. द्यायची का ठेवायची?

बाबा : मला नाही ठरवता येत, मिस्त्री. सवय गेली.

मिस्त्री : हे बघा, टोलवाटोलवी नको. माणूस रस्त्याला लागलाय.

लेक : मग एवढं शेवटचं मी ठरवते. नाही म्हणून सांगा. गाडी द्यायची नाही.

मिस्त्री : ऐनवेळी? बोलणी कोण खाणार? मीच. बरं, खातो. म्हणतो, मालकाचा पाय बघितला आणि गाडीने जायला नकार दिला.

लेक : काय वाट्टेल ते सांगा.

मिस्त्री : काका, तापलीय आता मस्त. सरळ चौकातून न्या, सिग्नलला उभी करा, गर्दीत घाला. मघाशी शिकलीय ती जागेवर. रस्त्यावर काय करते ते बघा, मगच तुमचं समाधान होईल.

बाबा : मने, तू चालव.

लेक : छे. माझा पाय कधी आधी सुटतो, कधी नंतर. आत्ताच बघितलंत ना? तुम्हीच चालवा. मी शेजारी बसते.

बाबा : आणि बंद पडली तर?

लेक : पडली तर मिस्त्रींच्या नावाने खडे फोडू.

मिस्त्री : फोडा, फोडा. घरची मंडळी रोज फोडतात, त्यात तुमचे दोन.

बाबा : कुठे न्यायची?

लेक : घरी.

बाबा : पुलावरून सरळ, की डावीकडे?

लेक : आधी पुलापर्यंत तर चला.

बाबा : सरळ घेतो. मुलं शाळेतून येतील तुझी.

लेक : डावीकडे घ्या, बाबा. टेकडीकडे. पण सांगून ठेवते, गॅस बंद केलात का म्हणून रोज फोन करणार मी.

बाबा : कर.

लेक : आणि चिडायचं नाही.

बाबा : नाही चिडणार. तू मात्र माझं उत्तर ऐकून घे. नुसता हो म्हणालो, तर परत विचार.

लेक : विचारीन. थांबा, निघू नका. ही घ्या घराची किल्ली. पर्समध्येच होती. कड्यात नंतर अडकवू, इंजिन चालू आहे.

बाबा : तुझ्याकडेच असू दे आत्ता.

लेक : का? आता काय झालं?

बाबा : तू येतेयस ना बरोबर? दार तू उघड. लावीन मी.