वीस मिलिसेकंद

भाची : तेच तर सांगतेय, मामा. मशीन बंद पडत नाही. पंखा फिरतो, दिवा लुकलुकतो, पडद्यावरचं घड्याळसुद्धा पुढे सरकतं. फक्त डिस्कवर काही लिहायला गेलं की सगळं गप्प. कितीही वेळ थांबा.

मामा : असं किती दिवसांनी होतं?

भाची : कधी चार, कधी अकरा. महिन्याभरात तीन हॉस्पिटलांत झालं. तपासणीची चित्रं साठवणारी मशीन आहेत ती. पेशंट टेबलावर आडवा आणि चित्र अर्ध्यात अडकलेलं.

मामा : आणि त्याच्या आधी?

भाची : आधी एकोणीस वर्षं एकदाही नाही. तू लिहिलेला ड्रायव्हर आहे तो. गेल्या महिन्यात मी त्याची साफसफाई केली आणि हे सुरू झालं. तीन वाजता साहेबांचा फोन येणार. तोवर कारण सापडलं नाही तर मी केलेले बदल मागे घेणार, आणि ड्रायव्हर कायमचा दुसऱ्याकडे देणार.

मामा : मग चूक माझीच असेल.

मामी : झालं सुरू. अजून कागद उघडला नाही आणि यांनी गुन्हा कबूल केला.

भाची : साहेब म्हणत होते, तुझ्या मामांशीच बोलतो. मी म्हटलं, ते फोनवर बोलत नाहीत.

मामी : बोलतील कसे? फोन वाजला की हे आंघोळीला गेलेले असतात. लोकांना वाटत असेल, दिवसातून चार वेळा आंघोळ करतात. पण काय गं, ड्रायव्हर म्हणजे नक्की काय? इतकी वर्षं यांना विचारतेय, तर म्हणतात, तुला कंटाळा येईल.

भाची : डिस्कशी बोलणारा प्रोग्राम, मामी. एकाच वेळी शंभर जण काम घेऊन येतात. त्यांची रांग लावायची आणि एकेक काम डिस्कला द्यायचं.

मामी : आणि ही रांग यांनी लावली? बसमध्ये चढताना सगळ्यांना पुढे जाऊ देतात आणि स्वतः खालीच राहतात.

मामा : कागद दाखव बघू. अडकलं तेव्हा कोण कुठे उभं होतं त्याचा.

भाची : हा घे, मोठ्या अक्षरात छापून आणलाय. दोन कामं अडकलीत. पहिलं लिहिणारं. त्याच्या हातात रांगेचं लॉक आहे आणि ते डिस्कच्या लॉकसाठी थांबलंय.

मामा : बरोबर आहे की. आधी रांग, मग डिस्क. पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं मी.

भाची : दुसरं चुका निस्तरणारं. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही की ते जागं होतं. त्याच्या हातात डिस्कचं लॉक आहे आणि ते रांगेच्या लॉकसाठी थांबलंय. पण त्या फंक्शनमध्ये, प्रोग्रामच्या त्या तुकड्यात, रांगेचं लॉक घेतलेलंच नाही. चार वेळा वाचलं मी.

मामी : लॉक म्हणजे कुलूप ना?

मामा : ज्याच्या हातात ते असेल त्याने काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. हे बघ. समज, आपण दोघं पुस्तकांना कव्हरं घालतोय. त्याला कात्री लागते आणि चिकटपट्टी लागते. तू चिकटपट्टी घे. कात्री मी घेतो. आता तुझं पुस्तक पुरं कर.

मामी : कात्री द्या.

मामा : माझं झालं की देतो. मला चिकटपट्टी दे.

मामी : माझं झालं की देते.

मामा : हं.

मामी : हं काय? असंच बसायचं?

मामा : असंच. कुणी चिडत नाही, भांडत नाही. नुसते थांबतात.

मामी : आपल्या घरात नवीन नाही हे. अहो, पण दोघांनी आधी चिकटपट्टीलाच हात घालायचा असं ठरवलं तर? ज्याला ती मिळेल तोच पुढे कात्री घेईल.

भाची : हाच तर मामाचा नियम. मग आधी कात्री कुणी उचलली?

मामा : ते दुसरं फंक्शन वाच. सावकाश.

भाची : डिस्कचं लॉक घे. डिस्क नव्याने सुरू कर. राहिलेलं काम परत लाव. लॉक सोड. संपलं.

मामा : परत लाव म्हणजे कुठे लाव?

भाची : कुठे म्हणजे, रांगेत.

मामा : आणि रांगेला हात लावायचा तर?

भाची : अरे. काम परत लावणारं फंक्शन रांगेचं लॉक आतल्या आत घेतं. चार ओळींचं फंक्शन, प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेताना कंपायलरने ते मोठ्यात मिसळून टाकलं, म्हणून कागदावर त्याचं नावच उमटलं नाही. आधी डिस्क, मग रांग. उलटं.

मामा : आणि हे मी लिहिलंय.

भाची : पण मग एकोणीस वर्षं का नाही अडकलं? ह्या ओळींना मी बोटसुद्धा लावलेलं नाही.

मामा : तू काय काय काढलंस?

भाची : कुणी वापरत नव्हतं ती फंक्शन्स, ओळींच्या बाजूला लिहिलेल्या जुन्या टिपा, कमेंट्स. आणि हो, ह्याच चुका निस्तरणाऱ्यात, डिस्कचं लॉक घेण्याच्या आधी एक थांबा होता. वीस मिलिसेकंदांचा. बाजूला लिहिलं होतं, ‘डिस्कला श्वास घेऊ द्यावा.’ म्हटलं, त्या वेळच्या संथ डिस्क आता राहिल्यात कुठे? म्हणून काढला.

मामी : का हो, असे का बघताय?

मामा : डिस्कला श्वास लागत नव्हता. तेव्हाही.

भाची : म्हणजे?

मामा : शेवटच्या चाचणीत दोनदा अडकलं होतं. तीन आठवडे शोधलं मी. सापडेना. मग एका सकाळी नुसतं बघावं म्हणून थांबा टाकला, तर अडकायचं थांबलं. का थांबलं, ते कळलं नाही. कळलं नाही असं लिहायची लाज वाटली, म्हणून डिस्कच्या नावावर खपवलं.

भाची : तेवढ्या वेळात लिहिणारं काम दोन्ही लॉक घेऊन, सोडून मोकळं होत असणार. म्हणून गाठच पडली नाही.

मामा : आज कळतंय.

मामी : म्हणून ते. ड्रायव्हर पुरा झाला त्या दिवशी ऑफिसात सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे जिन्यात जाऊन उभे राहिले. मला वाटलं, लाजलेत.

मामा : लाजलोच होतो. हे बघ, आपण आता अंदाज करतोय. आधी अडकवून दाखव. थांबा दोन लॉकांच्या मधोमध टाक, म्हणजे गाठ पडायला भरपूर वेळ मिळेल.

भाची : थांब. माझ्या लॅपटॉपवर खोटी डिस्क आहे, सांगू तेव्हा उत्तर द्यायचं बंद करते. चालवते... अडकलं. मामा, दुसऱ्याच सेकंदाला अडकलं.

मामा : बघू, बघू. तीच दोन कामं आहेत का?

भाची : तीच.

मामा : वा. काय सुरेख अडकलंय.

मामी : एकोणीस वर्षांनी चेहरा उजळला, तोही काही बंद पडल्यावर.

मामा : आता आधी डिस्कचं लॉक सोड, मग काम परत लाव. पण मधल्या वेळात ते काम दुसरं कुणी उचलता कामा नये.

भाची : ताब्यात असल्याची खूण करून ठेवते त्याच्यावर. हं. चालवू? शंभर फेऱ्या. पाचशे. थांबा मधोमध आहे तरी चालतंय.

मामा : चालू दे. चहा होईपर्यंत चालू दे.

मामी : म्हणजे चहा मी करायचा.

भाची : मामा, पावणेतीन झाले. चाळीस हजार फेऱ्या, एकदाही नाही अडकलं. पण मी काय म्हणते, साहेबांना एवढंच सांगते की लॉकचा क्रम चुकला होता, सुधारला. थांब्याचं नाव काढायची गरज नाही.

मामा : मग ते विचारतील, एकोणीस वर्षं चाललेलं तू हात लावल्यावर का बिघडलं? काय सांगशील?

भाची : काहीतरी सांगेन. ओरडा खाईन. तुझा ड्रायव्हर कंपनीत नव्या मुलांना वाचायला देतात, मामा.

मामा : ती कमेंटपण वाचत असतील.

भाची : मीही पहिल्याच आठवड्यात वाचली होती. आवडली होती मला.

(भाचीचा फोन वाजतो.)

भाची : साहेबच. दहा मिनिटं आधीच.

मामी : मामा आंघोळीला गेलेत म्हणून सांग.

मामा : आण तो इकडे.

मामी : अहो, खरंच?

मामा : हॅलो. नाही, तिचा मामा बोलतोय. हो, सापडलं, तिनेच शोधलं. पण त्याआधी एक ऐका. ते वीस मिलिसेकंद माझे होते.