पडद्यावरचे ठिपके

गिटार दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत एक नवरा-बायको होते.

"गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये त्याच मेटल गाण्याला मला अठ्ठ्याण्णव टक्के पडलेत."

"मग काल लेकीच्या बँडसमोर काय झालं? नुसती मान हलवत होतात."

"तिथे पडदा नव्हता. रंगीत ठिपके आल्याशिवाय बोटं कुठे ठेवायची, कळणार कसं?"

"तिचे मित्र हसत होते. ती बिचारी खाली बघत होती."

"नंतर काही म्हणाली?"

"म्हणाली, बाबांना बँडमध्ये घेऊ या."

"खरंच?"

"हो. ड्रम गाडीत चढवायला माणूस हवाय त्यांना."



"कधी बोलावलंय?"